पंचनाम्यात न बसलेलं

जानेवारीत या सदराकडे येणारी पत्रं बहुतेक एकाच सुरात असतात: गेलं वर्ष कसं गेलं. यंदा २०२१कडे वळून बघणाऱ्यांचं टपाल नेहमीपेक्षा जाड आलंय. त्यातली दोन घेते. पहिलं लांबलचक आहे, पण कात्री लावायला हात धजावला नाही.

प्रश्न:

ताई, नमस्कार.

मी चिपळूणच्या बाजारपेठेत शिवणकाम करते. ब्लाऊज, पिको-फॉल, शाळेचे गणवेश. खाली दुकान, वर बिऱ्हाड. आमचं वर्ष कसं गेलं ते थोडक्यात सांगते. मे महिन्यात सासरे कोरोनाने गेले. शेवटचं तोंडसुद्धा धड बघायला मिळालं नाही. १६ जुलैला लेकीचा दहावीचा निकाल लागला. परीक्षा झालेलीच नाही, राज्याचा निकाल ९९.९५ टक्के, त्यामुळे तिच्या मार्कांना कोणी विचारलंही नाही. पेढे आणले ते आम्हीच खाल्ले. आणि २२ जुलैला उजाडायच्या आत पाणी दुकानात.

वर नेता येईल ते नेलं. पण मशीन जड. दोन शिलाई मशीनं, पिकोचं एक, ओव्हरलॉक, सगळी खालीच राहिली. श्रावणासाठी आलेले ब्लाऊजपीस होते, आणि त्याहून वाईट म्हणजे बायकांचे मापाचे ब्लाऊज. कापड भरून देता येतं, मापाचा ब्लाऊज कुठून देणार?

दुपारी पाणी जिन्याच्या नवव्या पायरीला होतं. जाऊबाई, मी आणि लेक वरच्या पायरीवर बसून बघत होतो, कारण दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. कोणाचा तरी सिलिंडर गेला, चपला गेल्या, मग एक प्लॅस्टिकची खुर्ची आली. उलटी नाही, सरळ, मांडून ठेवल्यासारखी तरंगत आली आणि आमच्या जिन्यापाशी थांबली. जाऊबाई तिला म्हणाल्या, “या, बसा, चहा टाकते.” ताई, आम्ही तिघी पोट धरून हसलो. थांबेचना. सासूबाई आतल्या खोलीत होत्या. त्यांनी ऐकलं असणार. त्या काही बोलल्या नाहीत, मीही काही बोलले नाही.

दुसरं सांगायचं तर ते ब्लाऊज. पाणी ओसरल्यावर चिखलातून एकेक काढले, आधी नुसत्या पाण्यात खळबळून काढले, चिखल पुरता निघेपर्यंत साबण लावला नाही, मग गच्चीवर वाळत घातले. सगळी दोरी भरली. बायका यायच्या, आपापला ओळखून न्यायच्या. चार-पाच दिवस गच्चीवर नुसती वर्दळ. घराघरात चिखल आणि आमच्या गच्चीवर गप्पा.

आता आमच्या मंडळाचं हळदीकुंकू आहे. अध्यक्षीणबाईंनी निरोप दिलाय की प्रत्येकीने गेल्या वर्षातले पाच आनंद चिठ्ठीवर लिहून आणायचे आणि वाचून दाखवायचे. आधी मला संतापच आला. मग रात्री हे दोन प्रसंग आठवले आणि झोप लागेना. सासऱ्यांना जाऊन जेमतेम दोन महिने झाले होते. त्याच वेळी गावात माणसं पत्र्यावर बसून होती. हे आनंद म्हणून लिहायचे? लिहिलं तर लाज वाटते, नाही लिहिलं तर खोटं वाटतं. आमचे हे म्हणतात, “गेलं ते गेलं, उगाळू नकोस.” आणि पाचचा आकडा भरू कसा?

— एक शिवणवाली, चिपळूण

उत्तर:

ताई,

आधी त्या खुर्चीचं. तुमचं पत्र मी दुपारी जेवणं झाल्यावर वाचत होते आणि “या, बसा, चहा टाकते” इथे आल्यावर एकटीच एवढ्यांदा हसले की आमचे हे काय झालं ते विचारायला आतून बाहेर आले. त्यांना वाचून दाखवलं. तेही हसले. जाऊबाईंना सांगा, त्यांच्या चहाला सांगलीहून दोन माणसं वाढली आहेत.

पाचचा आकडा सोडून द्या. तो कुठून आला असणार याची मला थोडी कल्पना आहे, कारण नोकरीत असताना मी कॉलेजात मानसशास्त्र शिकवत असे. अमेरिकेतल्या रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅक्‌कलॉ या दोघांनी २००३ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात एका गटाला आठवड्यातून एकदा, ज्यांबद्दल कृतज्ञ वाटतं अशा गोष्टी लिहायला सांगितल्या होत्या, जास्तीत जास्त पाच. दुसऱ्या गटाने आठवड्यातल्या कटकटी लिहायच्या. दहा आठवड्यांच्या शेवटी पहिल्या गटाला आपलं एकूण बरं चाललंय असं अधिक वाटत होतं. अभ्यास चांगलाच आहे. पण हळदीकुंकवापर्यंत पोचेस्तोवर ‘जास्तीत जास्त पाच’चं ‘पाच पाहिजेतच’ झालं, आठवड्याचं वर्ष झालं, आणि वहीत लिहायचं ते वाण घेण्याआधी चारचौघींत वाचायचं झालं. बाईंचा हेतू वाईट नसणार. पण ज्या गावाने असा जुलै बघितला तिथे घरोघर चिठ्ठ्या भरायला लावताना थोडं तारतम्य नको का? एक असेल तर एक लिहा. नसेल तर नुसतं तिळगूळ घ्या आणि घरी या. कोणी हजेरी मांडत नाही.

(आणि जाता जाता: तुमच्या सासूबाईंना या हळदीकुंकवाला बोलावणं आहे का हो? नसेल तर पाच आनंद वाचायच्या आधी मंडळाने जरा त्याचा विचार करावा. हे अध्यक्षीणबाईंनी वाचलं तरी माझी हरकत नाही.)

पण तुमचा खरा प्रश्न आकड्याचा नाहीच. आतल्या खोलीत ऐकू गेलं असेल का, हा आहे.

सॅन फ्रान्सिस्कोत सुझन फोकमन नावाच्या संशोधक होत्या. एड्सवर गुणकारी औषध नव्हतं त्या काळात, मरणाला टेकलेल्या जोडीदाराची सेवा करणाऱ्या पुरुषांच्या त्या मुलाखती घेत असत. किती ताण आहे, झोप कशी, काय काय सोसावं लागतं, असे सगळे प्रश्न. थोड्याच दिवसांत त्या माणसांनीच तक्रार केली: तुम्ही फक्त वाईट तेवढं विचारता, चांगलं काय घडलं ते विचारतच नाही. मग तो प्रश्न घातला गेला, आणि जवळजवळ प्रत्येकाकडे सांगण्यासारखं काहीतरी निघालं. चांगला जमलेला एखादा स्वयंपाक, कोणी केलेली थट्टा, खिडकीतून दिसलेलं काही. हे सगळं अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या खोलीतलं. दुःख कमी झालं म्हणून ते हसले नव्हते. दुःख तेवढंच होतं. हे १९९७ साली छापून आलं. आपल्याकडे कोणत्याही तेराव्याला बसलेल्या घरात हे दिसतं. कोणीतरी गेलेल्या माणसाची एखादी लकब काढतं आणि सगळं घर हसतं. आपण त्याला प्रतारणा म्हणत नाही.

मी स्वतः काय पाहिलं ते सांगते. ऑगस्ट २०१९मध्ये आमच्या सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेलं, तेव्हा आम्ही गावभागातलं घर सोडून एका शाळेच्या वर्गात मुक्कामाला होतो. आजूबाजूच्या गावांतून फडक्यात बांधलेल्या भाकऱ्या यायच्या. सोबत शेंगदाण्याची चटणी, कधी खर्डा. कोणाच्या चुलीवरची कोणाच्या हातात पडेल याचा पत्ता नाही. एका दुपारी माझ्या हातात आली ती ज्वारीची होती, पातळ, कडेला जराशी करपलेली, थापणारीची बोटं तिच्यावर उमटलेली. मी भिंतीला टेकून पाय लांब केले आणि खाल्ली. कोणाला वाढायचं नव्हतं. मागून जेवायचं नव्हतं. भांडी नव्हती. लग्न झाल्यापासून इतक्या निवांतपणे मी जेवले नव्हते, ताई, आणि मला मनापासून बरं वाटलं. घरात छातीएवढं पाणी, आणि मला बरं वाटलं.

हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं की माणसं लगेच पुराचे उपकार मोजायला बसतात: पाहा, संकटात माणुसकी कळते, पुरानेच माणसं जवळ आणली. मला हे बोलणं अजिबात पटत नाही. पूर आला नसता तर बरं झालं असतं. माझी अर्धी पुस्तकं लगदा होऊन गेली ती गेली. आणि भाकरी उत्तम होती. यातलं एक दुसऱ्याचा मोबदला नव्हे. तुमच्या खुर्चीने सासऱ्यांचं दुःख फिटत नाही आणि फिटावं म्हणून ती आली नव्हती.

तसं तुमचं-आमचं नातं पाण्याचंच. कोयनेचं पाणी वीज करून झालं की कोळकेवाडीवरून तुमच्या वाशिष्ठीत उतरतं, आणि धरणाचे दरवाजे उघडले की कऱ्हाडवरून आमच्या कृष्णेत येतं. जुलैत तुमच्याकडे एवढं पाणी का चढलं, पावसाचं किती, भरतीचं किती, धरणाचं किती, त्या वादात मी पडत नाही. नदीतला गाळ काढा म्हणून डिसेंबरात तुमच्या गावातली माणसं उपोषणाला बसली, तो लढा त्यांनी लढावा. ते उगाळणं नव्हे, आणि हे तुमच्या यजमानांनाही सांगा.

यजमानांवरून आठवलं. “गेलं ते गेलं” म्हणणाऱ्या पुरुषांना मी अलीकडे फारसं रागावत नाही. बाप गेला आणि दोन महिन्यांत दुकान गेलं, त्या माणसाला आठवणीच्या दाराशी जायचीच भीती वाटत असेल. त्यांना पाच आनंद विचारू नका. एवढंच विचारा की मशीन परत चालू झालं तो दिवस कोणता. तुम्ही पत्रात तो दिवस लिहिलेलाच नाही, पण मशीनं कधीतरी चालू झाली असतीलच. तुम्ही पत्राखाली ‘शिवणवाली’ म्हणून सही केलीये. रॉकेलने कोणी धुतलं, तेल कोणी घातलं, मोटर वाइंडिंगला कुठे नेली, पहिली टीप कशावर मारली? पुरुषांना असे प्रश्न बरे पडतात. दहा मिनिटं बोलतील बघा.

आता लिहायचं कसं. तुमच्या दुकानाचा पंचनामा झाला असेल. पाणी किती फूट, मशीनं किती, कापड किती, खाली पंचांच्या सह्या. तसंच लिहा. तारीख, जागा, हजर कोण, काय घडलं. ‘त्या कठीण काळातही हास्याचा एक क्षण गवसला’ असं लिहिलंत की खुर्ची बुडालीच म्हणून समजा. त्यापेक्षा: ‘२२ जुलै, दुपार, जिना. हजर: मी, जाऊबाई, लेक.’ खुर्चीचा रंग तुम्ही लिहिला नाहीत. आठवतोय का? एक पाय मोडका होता का? ती पुढे कुठे गेली, की कोणी ओढून घेतली?

गच्चीचंही तसंच. ‘बायका आपापला ब्लाऊज ओळखून न्यायच्या’ एवढ्यावर तुम्ही उरकलंत, पण मला तिथेच थांबावंसं वाटलं. ओळखायच्या कशावरून? चिखलाने रंग तर सगळ्यांचे मारले गेले असणार. हुकांवरून, पाठीच्या नाडीवरून, काखेत सोडलेल्या शिलाईवरून? वजन वाढलेल्या बाईने दोनदा उसवून सैल केलेला ब्लाऊज तिला चारचौघींसमोर ओळखावा लागला असेल तेव्हा काय झालं? कोणी आपला समजून दुसरीचा नेला का? मला वाटतं त्या गच्चीवर बराच माल आहे. गाव चिखलात असताना तुमच्या दोरीवर कोणाच्या तरी मापाचं काहीतरी शाबूत लटकत होतं आणि ते न्यायला बाई स्वतः जिना चढून येत होती. येताना घरातलं काय काय वाहून गेलं ते सांगत असेल, जाताना ब्लाऊज काखोटीला मारून जात असेल. यातला प्रत्येक शब्द मी अंदाजाने लिहितेय. खरं तुम्हाला माहीत आहे, तुम्ही लिहा.

लिहून झालं की मंडळात वाचायच्या आधी सासूबाईंना वाचून दाखवा. त्या आतल्या खोलीत होत्या, म्हणजे त्याही हजरच होत्या. कदाचित त्यांना वाईट वाटलं असेल. वाटलं असेल तर त्या सांगतील आणि मग तो प्रसंग मंडळात वाचू नका, घरातच राहू दे. पण सासरे असते तर त्या खुर्चीला काय म्हणाले असते, हेही विचारून बघा. सहा महिने तुम्ही दोघी एकाच घरात एक गोष्ट न बोलता वावरताय, ते मला त्या चिठ्ठीपेक्षा जास्त महत्त्वाचं वाटतं.

आणखी एक. रात्री पावसाचा आवाज आला की छातीत धडधड होते, सारखं उठून पायऱ्या बघायला जावंसं वाटतं, असं घरात कोणाला होत असेल, विशेषतः लेकीला, तर त्यावर आनंदाच्या याद्या हा इलाज नाही. मानसोपचारतज्ज्ञाला दाखवा. तालुक्याला सोय नसेल तर रत्नागिरीला आहे. पुढचा पावसाळा यायच्या आत दाखवा, तो आल्यावर नको. आणि त्या पोरीला माझ्याकडून दहावीचे पेढे द्या. परीक्षा झाली नाही यात तिचा काय दोष? वर्षभर मोबाइलच्या एवढ्याशा पडद्यावर ती भूमितीच शिकत होती ना!

प्रश्न:

मॅडम, मी मूळचा परभणीचा, पुण्यात सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहून स्पर्धा परीक्षेची तयारी करतो. २०२१ माझं पूर्ण निरंक गेलं. राज्यसेवा पूर्व परीक्षा मार्चमध्ये ऐन वेळी पुढे ढकलली, आम्ही शास्त्री रोडवर आंदोलनाला बसलो तेव्हा २१ तारखेला झाली. संयुक्त पूर्व ११ एप्रिलला होती, ती ४ सप्टेंबरला झाली. मधले महिने गावी काढले. दोन्ही पेपर बरे गेले नाहीत. मित्र ३१ डिसेंबरला ‘इयर रिकॅप’चे फोटो टाकत होते. मी खूप विचार केला. खरंच एकही आनंद आठवत नाही. माझ्यातच काही बिघाड आहे का?

— एक विद्यार्थी, पुणे

उत्तर:

नाही रे. तू आठवतोयस परीक्षेच्या वेळापत्रकावरून, आणि त्या वेळापत्रकात दुसरं काय सापडणार? सगळ्या तारखा लोकसेवा आयोगाच्या आहेत.

दुसऱ्या तारखा घे. ७ ऑगस्ट, शनिवार, संध्याकाळ. नीरज चोप्राचा भाला ८७.५८ मीटरवर पडला तेव्हा तू कुठे होतास? गावी की पुण्यात? कोणाच्या मोबाइलवर बघत होतास, शेजारी कोण ओरडलं? बघ, एवढ्यात काहीतरी आठवलं असेल. ते सुवर्णपदक त्याचं, पण ओरडणं तुझं होतं.

मग तुझ्या फोनमध्ये पैसे दिल्याची जी यादी असते ती उघड आणि जानेवारीपासून खाली ये. अभ्यासिकेची फी, मेसचे पैसे, झेरॉक्स हे सोडून दे. उरलेलं बघ: रात्री साडेअकराचे वीस रुपये, कुठल्याशा रविवारी कोणाला पाठवलेले तीनशे, गावाकडच्या दुकानात अमावास्येच्या आदल्या दिवशी भरलेले नव्वद. प्रत्येकासमोर दोन शब्द लिही, कोण बरोबर होतं आणि काय खाल्लं. तुझ्या वयाच्या मुलांची डायरी म्हणजे ही यादीच. गावी काढलेल्या महिन्यांत खर्चच नसेल, तर ते महिने आईला विचार. तुला न सांगता तिने बरंच लक्षात ठेवलेलं असतं.

एवढं करूनही काहीच हाती लागलं नाही, जेवणाची चव गेलीय, सकाळी उठावंसं वाटत नाही, अभ्यासिकेत नुसता बसून राहतोस, असं असेल तर मात्र यादी बंद कर आणि डॉक्टरकडे जा. तो निरंकपणा वर्षाचा नसतो, आजाराचा असतो, आणि त्यावर औषध आहे.

पण तुझं पत्र वाचून मला तसं वाटत नाही. शास्त्री रोडवर ‘आम्ही’ बसलो, असं लिहिलंयस. ते आम्ही कोण, त्यांची नावं काढ. त्यातल्या ज्याने तुझ्या चहाचे पैसे सगळ्यात जास्त वेळा भरलेत, त्याला आज फोन कर. त्याचाही पेपर बरा गेला नसेल.